कोकणात गाडीचं ॲव्हरेज पडलं? इंजिन उघडायच्या आधी हे तपासा

‘गाडी पेट्रोल पितेय’ ही तक्रार दापोली-गुहागर पट्ट्यात माझ्याकडे जितकी येते तितकी दुसरी कुठलीच येत नाही. गाडी म्हणजे मोटारसायकल, बहुतेक वेळा साडेतीनशे-चारशे सीसीची, टूरिंगची. मालक कधी इथलाच, कधी पुण्या-मुंबईहून दोन पॅनिअर, म्हणजे बाजूच्या पेट्या, लावून आलेला. निदानही त्याने आधीच करून आणलेलं असतं: इंजिनात पेट्रोल सोडणारा इंजेक्टर खराब झालाय, नाहीतर पेट्रोलमध्ये भेसळ आहे. दोन्ही क्वचितच खरं निघतं. किनाऱ्यावरच्या गाडीचं ॲव्हरेज पडतं ते बहुतेकदा चाकं मोकळी फिरत नाहीत म्हणून. खारी हवा ब्रेक, चेन आणि बेअरिंगला आधी धरते, इंजिनापर्यंत फार उशिरा पोचते. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावलाय. फुकटात होणारं आधी, खिशाला चाट लावणारं शेवटी.

लक्षणं

यातलं काय काय दिसतंय ते आधी नोंदवून ठेवा. पुढे उपयोगी पडतं.

- लिटरमागे ५-७ किलोमीटर कमी, आणि तेही हळूहळू नाही, महिन्या-दोन महिन्यांत.
- रिझर्व्हचा दिवा पूर्वीपेक्षा बराच लवकर लागतो. किंवा घाटात लागतो आणि सपाटीला आल्यावर विझतो.
- न्यूट्रलला ढकलताना गाडी जड वाटते.
- उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की गाडी पूर्वीसारखी घरंगळत नाही.
- घाटात इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग चढत नाही.
- सायलेन्सरच्या तोंडाशी काळी कोरडी काजळी.
- पेट्रोलचा वास. हा येत असेल तर बाकीचं वाचू नका, थेट ‘इथे थांबा’वर जा.

आधी मोजा, मग बोला

डिस्प्लेवर दिसणाऱ्या ॲव्हरेजवरून निदान करू नका. तो आकडा गाडीच्या संगणकाने केलेला अंदाज असतो. कुठल्या गाडीत तो शेवटच्या थोड्या किलोमीटरचा असतो, कुठल्या गाडीत शेवटच्या रिसेटपासूनचा. खरा आकडा मिळतो तो फुल टू फुल. गाडी स्टँडवर सरळ उभी करा, नोझल आपोआप बंद पडेपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, निदान दोन-अडीचशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा तिथेच, तशाच पद्धतीने भरा. नोझल बंद पडल्यावर ‘अजून थोडं घाला’ म्हणत गळ्यापर्यंत भरू नका. अलीकडच्या गाड्यांत टाकीतली वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा असतो, कॅनिस्टर. त्यात द्रव पेट्रोल गेलं की तो निकामी होतो, आणि मग सुरू होताना अडखळणं, इंजिन खडबडणं अशी वेगळीच लफडी मागे लागतात.

कोकणात आणखी एक घोळ होतो आणि त्यावर थोडं थांबायला हवं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. तुम्ही ताम्हिणीने किंवा वरंध्याने खाली उतरता तेव्हा गाडी झकास ॲव्हरेज देते. परतताना तीच गाडी तेच सामान घेऊन वर चढते आणि आकडा पडतो. मग फोन येतो, की कोकणातलं पेट्रोल भरलं आणि गाडी बिघडली. हिशेब करून बघा. गाडी, दोन माणसं आणि सामान मिळून ३५० किलो धरा. ते ५६० मीटर वर उचलायला साधारण १९ लाख ज्यूल लागतात. लिटरभर पेट्रोलमध्ये सव्वातीन कोटींच्या आसपास ज्यूल असतात, पण त्यातले पाव हिस्साच चाकापर्यंत पोचतात. म्हणजे नुसतं वर चढण्यात पाव लिटर गेलं. दोनशे किलोमीटरच्या प्रवासात एवढ्यानेच जाताना-येताना लिटरमागे दीड-दोन किलोमीटरचा फरक दिसतो, आणि घाटातले खालचे गियर, हाफ क्लच, ट्रकमागचं रांगणं यांचा खर्च अजून वेगळाच. म्हणून मोजायचं ते जाऊन-येऊन, सुरुवात आणि शेवट एकाच पंपावर.

गणपतीच्या किंवा शिमग्याच्या गर्दीत मुंबई-गोवा महामार्गावर मोजलेला आकडा तर सरळ विसरून जा. माणगावच्या रांगेत तासभर पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये काढल्यावर कुठलीही गाडी पेट्रोल पिणारच.

पेट्रोलचा दोष किती?

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलला शिव्या घालायची सध्या रीत आहे. त्यात तथ्य आहे, पण किती ते माहीत असावं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. २० टक्के मिश्रणाचा आराखडा मांडणाऱ्या नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या दुचाकींमध्ये ॲव्हरेज ३ ते ४ टक्के घटेल असा अंदाज दिला होता. म्हणजे ३५ ची गाडी ३४ च्या खाली जरा जाईल. तुमची ३५ ची २८ झाली असेल तर ती २० टक्के घट आहे, तिचं खापर इथेनॉलवर फोडून चालणार नाही. दोष दुसरीकडे शोधा.

किनाऱ्यावर इथेनॉलचा खरा त्रास निराळा आहे. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी घेऊन गाडी तीन-चार महिने पडवीत उभी राहिली, की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसू शकतं, आणि इंजेक्शनच्या गाडीत पंप तळाशीच असतो. नवरात्रात कव्हर काढल्यावर गाडी धक्के खात सुरू झाली तर आधी टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरा. पावसाळ्यात गाडी ठेवायचीच असेल तर टाकी भरून ठेवा. आत हवा कमी, तर ओलावाही कमी.

मापाचा संशय असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप मागा. ते ठेवणं बंधनकारक आहे आणि त्यात २५ मिलीलिटरपर्यंतचाच फरक चालतो. घनता विचारा, १५ अंशाला ती घनमीटरला ७२० ते ७७५ किलोच्या मध्ये हवी. भरताना झिरो बघायचा हे सांगायला नकोच. वाडीवरच्या दुकानात बाटलीतून मिळणारं पेट्रोल अडचणीपुरतं ठीक, पण ते किती दिवस उन्हात उभं होतं हे कोण सांगणार? त्या टाकीवर ॲव्हरेज मोजू नका.

हवा

सगळ्यात स्वस्त तपासणी आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. हवा कमी असली की टायर रस्त्यावर जास्त दबतो, प्रत्येक फेरीत वाकतो आणि तेवढी ताकद उष्णता होऊन जाते. दाब गार टायरवर बघायचा, म्हणजे सकाळी, गाडी हलवायच्या आधी. पंक्चरवाल्याच्या गेजवर विसंबू नका. स्वतःचा छोटा गेज घ्या, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. आकडा टायरच्या कडेवर छापलेला घ्यायचा नाही, ती टायरची कमाल मर्यादा असते. मॅन्युअलमधला किंवा चेनगार्डवरच्या स्टिकरवरचा घ्या, आणि मागे माणूस व सामान असेल तर त्यासाठी दिलेला जास्तीचा आकडा घ्या. वाळूत जाण्यासाठी हवा सोडली आणि तशीच महामार्गाला लागलात, असंही इथे खूप होतं.

मागच्या चाकाला चौकोनी गट्ट्यांचा ऑफ-रोड टायर नुकताच बसवलाय का? मग लिटरमागे दोन-तीन किलोमीटर तिथे गेले. त्याला इलाज नाही, टायर बदलणं सोडून.

सामान आणि वेग

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० वरून ९० वर गेलात की तो सव्वादोन पट होतो. त्यात दोन्ही बाजूला चौकोनी पेट्या, मागे टॉप बॉक्स, पुढे उंच काच. सागरी मार्गावर आंजर्ले-हर्णै-दाभोळ करताना वेग मुळात चढतच नाही, त्यामुळे पेट्या तिथे फारशा महाग पडत नाहीत. चौपदरी महामार्गावर आलात की पडतात. पेट्या काढून एक टाकी चालवून बघा. आकडा परत आला तर गाडी निरोगी आहे, पुढचं काही उघडू नका.

उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून सोडणारे अजून भेटतात. इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे २०२० नंतरच्या जवळपास सगळ्याच टूरिंग गाड्यांत, गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर पेट्रोल देणंच थांबवतो. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. शिवाय परशुराम घाटासारख्या ठिकाणी इंजिनाचा ब्रेक सोडून फक्त डिस्कच्या भरवशावर उतरणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

चेन

किनाऱ्यावर चेन वाळत नाही, गंजते. दाभोळ-धोपावे किंवा वेशवी-बागमांडले जेटीवर फेरीबोटीत गाडी चढवलीत, वाऱ्याबरोबर शिंतोडे आले, संध्याकाळी गाडी तशीच उभी केलीत, की सकाळी चेनच्या कड्यांवर तांबूस पूड दिसते. गंजलेली कडी वाकताना अडते. मागचं चाक हाताने फिरवताना चेनमध्ये एखादी कडी सरळ न होता उभीच राहत असेल, तर ती कडी धरली आहे.

आधी गोड्या पाण्याने धुवा. मग चेन क्लीनर किंवा केरोसीन आणि मऊ ब्रश. पेट्रोलने धुऊ नका, कड्यांमधल्या ओ-रिंगची रबरं फुगतात. पुसून कोरडी झाली की चेन ल्यूब किंवा ९० नंबरचं गियर ऑइल आतल्या बाजूने, आणि जास्तीचं पुसून टाका. तेलाने थबथबलेल्या चेनवर जांभ्याची धूळ बसली की पॉलिश पेपरच तयार होतो. चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे ठेवा आणि तो माणूस बसलेला असताना एकदा बघा. फार ताणलेली चेनही ॲव्हरेज खाते, वर गियरबॉक्सचं बेअरिंग खाते. कड्या अडतातच आहेत किंवा स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे, दात एका बाजूला वाकलेत, तर साफसफाईवर वेळ घालवू नका, चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण सेट बदला. नुसती चेन बदलून जुने दात ठेवलेत तर नवी चेन लवकर जाते.

मधे कुणी पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी करून बसवलंय का तेही विचारा, विशेषतः गाडी सेकंडहँड असेल तर. घाटात मजा येते, पण सपाटीला इंजिन कायम जास्त फिरतं.

ब्रेक धरून राहणे

माझ्या मते किनाऱ्यावरच्या गाडीचा मुख्य आजार हाच. डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, दोन सरकत्या पिनांवर हलतो. खाऱ्या हवेने त्या पिना गंजतात, त्यांच्या रबरी टोप्या फाटतात, पिस्टनच्या कडेला मिठाचा आणि धुळीचा थर जमतो. ब्रेक दाबला की पॅड डिस्कला लागतो, सोडला की पूर्ण मागे येत नाही. गाडी चालते, पण कायम थोडा ब्रेक दाबून चालवल्यासारखी. मालकाला कळत नाही, कारण हे हळूहळू होतं आणि ब्रेक तर छान लागत असतो.

तपासायला दहा मिनिटं पुरतात. गाडी डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा, मागचं चाक हाताने फिरवा. पॅडची हलकी खरखर चालते, पण चाक दीड-दोन फेऱ्या तरी फिरायला हवं. आता ब्रेक जोरात दाबून सोडा आणि लगेच पुन्हा फिरवा. पहिल्यापेक्षा स्पष्टपणे जड झालं, तर ब्रेक सुटत नाहीये. पुढच्या चाकासाठी कुणाला तरी मागे दाबून धरायला सांगा. डबल स्टँड नसेल तर सपाट रस्त्यावर न्यूट्रलला ढकला. दुसरी खूण: पाच-सात किलोमीटर शक्यतो ब्रेक न वापरता चालवा, थांबा आणि दोन्ही डिस्कवर पाण्याचे थेंब टाका. एका डिस्कवर चर्र आवाज आला आणि दुसरीवर नाही, तर चोर सापडला. बोट लावून बघू नका, फोड येईल.

घरी करण्यासारखं एवढंच: कॅलिपरवर गोडं पाणी भरपूर मारा, ब्रशने पॅडच्या आसपासची घाण काढा, पुन्हा फिरवून बघा. पिना काढून साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावणं ज्याला येतं त्याने करावं. साधं ग्रीस लावू नका, टोप्यांची रबरं खराब होतात. आणि डब्ल्यूडी-फॉर्टीसारखा कुठलाही स्प्रे ब्रेकजवळ नको. पॅडला लागला तर पुढच्या वळणावर ब्रेकच लागणार नाही. पिस्टन बाहेर काढणं, ब्रेक ऑइल, एबीएस यातलं काहीही रस्त्याकडेला करायचं काम नाही.

चाक वर असतानाच ते दोन्ही हातांनी धरून आडवं हलवून बघा. खडखड लागली किंवा फिरताना दाणे असल्यासारखं वाटलं, तर बेअरिंग गेलं.

एअर फिल्टर

मे महिन्यात महामार्गाच्या कामातून किंवा राजापूर-देवगडच्या आतल्या कच्च्या रस्त्यांवरून महिनाभर फिरलेल्या गाडीचा फिल्टर उघडा, विटकरी रंगाचा असेल. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं अंतर स्वच्छ रस्त्यांसाठी असतं. इथे निम्म्यावरच बघा. कोरडा कागदी फिल्टर आतून बाहेर हलक्या हवेने साफ करता येतो. तेलाचा हात दिलेला कागदी फिल्टर साफ करायचा नसतो, बदलायचा. फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, फिल्टर ऑइल लावून बसवा. कुठलाही कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नका. डब्यात पाणी किंवा उंदराने आणलेला काडीकचरा दिसला तर आश्चर्य नको, पडवीतल्या गाडीत तो असतोच.

इंजेक्शनच्या गाडीत घाण फिल्टरने ताकद जास्त जाते, ॲव्हरेज थोडं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत दोन्ही जातात.

प्लग

प्लग गार इंजिनावरच काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. ओलसर तेलकट काळं म्हणजे ऑइल जळतंय, मग ‘इथे थांबा’. प्लग कॅपच्या आत हिरवट गंज दिसला तर पेट्रोल जळण्याआधीच वाया जाण्याची शक्यता धरा. नवा प्लग स्वस्त आहे, लावून बघायला हरकत नाही. हाताने आटे बसवल्याशिवाय पाना लावू नका, ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की खर्च हजारांत जातो.

क्लच

सपाट मोकळ्या रस्त्यावर वरच्या गियरला ५०-६० ला असताना ॲक्सिलरेटर एकदम पिळा. इंजिनाचे फेरे उडी मारतात आणि वेग मागून रेंगाळत येतो, तर क्लच घसरतोय. आधी लिव्हरचा ढिलेपणा बघा. वायर ताणलेली असेल तर क्लच पूर्ण बसतच नाही, आणि हे दोन बोटांनी दुरुस्त होतं. मग ऑइलचा डबा शोधा. त्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ ही मोटारसायकलच्या ऑइलची खूण लिहिलेली हवी. कारचं ऑइल घातलं असेल तर ऑइलमध्ये बुडालेल्या, म्हणजे ओल्या क्लचच्या प्लेटा घसरतात. तेवढं करूनही घसरत असेल तर प्लेटा गेल्या.

रेंजचा हिशेब

टाकी गुणिले ॲव्हरेज हा हिशेब कागदावरच ठेवा. १५ लिटरची टाकी आणि ३० चं ॲव्हरेज म्हणजे ४५० किलोमीटर असं धरून लोक श्रीवर्धनहून किनाऱ्याने मालवणला निघतात. तळाचं लिटरभर पंपाला ओढता येत नाही असं धरा, दोन लिटर राखीव ठेवा, आणि ॲव्हरेज घाटा-वळणांचं, म्हणजे २६ धरा. उरले १२ लिटर, ३१२ किलोमीटर. माझ्या हिशेबी रेंज ती.

कशेडीच्या जुन्या घाटात दिवा लागतो आणि खेडला विझतो, यात बिघाड नाही. चढावर पेट्रोल मागे सरकतं, पातळी मोजणारा तरफेचा फ्लोट खाली जातो. पण दिवा लागल्यावर ‘अजून चाळीस जाते’ या भरवशावर चढ चढू नका. इंजेक्शनचा पंप पेट्रोलमध्ये बुडून गार राहतो, कोरडा चालला तर जळू शकतो. पंप महामार्गावर आणि तालुक्याच्या गावी मिळतात, खाडीकाठच्या वाड्यांत नाही. फेरीबोटीत चढण्याआधीच भरून घ्या. पलीकडे पोचल्यावर पंप शोधत परत खाडी ओलांडायला वेळही जातो आणि शेवटची बोट चुकते ते वेगळंच.

इथे थांबा

पेट्रोलचा वास किंवा गळती: गाडी सुरू करू नका, स्वयंपाकघराच्या आणि चुलीच्या बाजूला उभी करू नका, मिस्त्रीला गाडीपाशी बोलवा.

ब्रेक सुटतच नाही, किंवा लिव्हर मऊ झाली: चालवत नेऊ नका, टेंपोत घालून न्या.

इंजिनाचा पिवळा दिवा कायम लागलेला: ऑक्सिजन सेन्सर किंवा तापमानाचा सेन्सर चुकीचा आकडा देतो तेव्हा संगणक सावधगिरीने पेट्रोल जास्त सोडतो. हे स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाही. पाण्याने गार होणाऱ्या गाडीत डिस्प्लेवरच्या तापमानाच्या कांड्या अर्ध्या तासानंतरही वर येत नसतील तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय असं सांगा. इंजिन कायम थंड समजून पेट्रोल जास्त जातं.

निळा धूर, ऑइलची पातळी उतरणं, आणि वरचं सगळं नीट असूनही ॲव्हरेज कमी व सकाळी सुरू व्हायला त्रास: टॅपेट आणि कॉम्प्रेशन बघायची वेळ आली. हे गार इंजिनावर, फीलर गेज घेऊन, अनुभवी माणसाने करायचं काम आहे. गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये सोडा. गरम इंजिनावर ‘आत्ताच बघून देतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा.

मिस्त्रीकडे जाताना फुल टू फुलचे आकडे, टायरचा दाब आणि चाक फिरवून काय दिसलं ते कागदावर लिहून न्या. नाहीतर तोही इंजेक्टर साफ करण्यापासूनच सुरुवात करेल.